फॉर्मवर मी 'न्हाय' लिहिलं

हे आत्ताच सांगायला पायजे, उद्यावर टाकलं तर मी परत गप बसेन! माझी चुलतबहीण दीपाताई जाऊन पाच आठवडे झाले. त्या दिवशी दुपारी काकांचा फोन आलता, नुसतं "ये" म्हणाले... आणि मला कळलं.

ताईच्या हृदयात कृत्रिम झडप बसवलेली. डॉक्टरांनी बजावलेलं, दाताचं कसलंबी काम असू दे, आधी सांगायचं आणि तासभर आधी अँटिबायोटिक घ्यायचं, न्हायतर तोंडातले जंतू रक्तातनं जाऊन झडपेवर बसत्यात. ती कायम पाळायची की! पण साखरपुडा ठरला, फोटोसाठी दात साफ करायचे म्हणून होणाऱ्या सासूबाईंनीच शाहूपुरीतल्या दवाखान्यात नंबर लावला, आणि डेंटिस्ट निघाली त्यांच्याच पावण्यांतली. फॉर्म मी भरत हुते. 'हृदयाचं ऑपरेशन?' ताईनं मला चिमटा काढला.

"न्हाय लिही."

"अगं, गोळी तरी घेतलीस का?"

"घरी ऱ्हायली. एवढ्यानं मरतीय व्हय मी? लगीन मोडलं तर तू नांदवणार हाईस का मला?"

मी हसले... आणि लिहिलं.

पंधरा दिवसांनी ताप सुरू झाला. समदी म्हणाली, लगीनघाईची दगदग. रोज संध्याकाळी तिला थंडी वाजायची, मी थर्मामीटर बघायची, आणि तरी फॉर्मचं कुणाला बोलायची न्हाय. शेवटी रक्त तपासलं, तवर झडपेवर इन्फेक्शन पसरलेलं. "दातापास्नंच आलं असं छातीठोक सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाले. त्यानं मला सुटल्यासारखं वाटलं न्हाय.

दिवसकार्याला तिचा ठरलेला नवरा, सुहास, आलता. मी रडत त्याला फॉर्मचं सांगितलं. तो म्हणाला,

"अगं, काकांनी पहिल्याच बैठकीत सांगितलंय की ऑपरेशनचं. आमच्या घरात समद्यास्नी ठाऊक हाय."

काका खाली मान घालून म्हणाले, "पोरीला कमीपणा वाटंल म्हणून, तुमास्नी सांगितलंय हे तिला बोललो न्हाय..."

तिच्या कपाटात साखरपुड्याचा ब्लाऊज हाय, छातीवरचा व्रण दिसू नये म्हणून गळ्यापतोर बंद शिवलेला. काकू रोज त्याची घडी मोडतात, परत घालतात. मी दारात उभी असते, आत जायला पाय उचलत न्हाय.

तुमच्या घरात बी कुणी असं 'न्हाय' लिहिलंय का? कुणी लिहायला लावलंय का? सांगा की...