माझं भांडण झालं!

माझ्या भाचीला सगळेच भिंगरी म्हणतात. सातव्या वर्षी तिला रक्ताचा कर्करोग झाला. अडीच वर्षं इंजेक्शनं आणि उलट्यांत गेली. मग डॉक्टर म्हणाले, "आता शाळेत पाठवा, खेळूही द्या." त्या दिवशी तिने दप्तर तीनदा भरलं नि तीनदा उपसलं!

पण शाळेत भलतंच. वर्ग एक वर्षाने धाकट्या मुलांचा. बाईंनी तिला पहिल्या बाकावर एकटीला बसवलेलं. कुठे वाद झाला, की लगेच कोणीतरी म्हणणार, "जाऊ दे, ती आजारी होती ना!" एकीने हळूच विचारलं, "तुझा आजार मला होईल का गं?"

"वेडी का तू? तो काय सर्दीसारखा लागतो?"

ती पोरगी येऊन शेजारी बसली. पण मधल्या सुट्टीत मुलींचा फुटबॉल सुरू झाला, की भिंगरीने आपलं कठड्यावर बसून गोल मोजायचे.

एका शनिवारी गोलकीपर आलीच नाही. कोणी काही म्हणायच्या आत भिंगरी उडी मारून थेट गोलात! पहिला बॉल छातीशी धरला, दुसरा पायाने उडवला. तिसरा मात्र दोन्ही पायांमधून आरपार.

"आंधळी आहेस का?" कप्तान किंचाळली.

खेळणाऱ्या सगळ्या जागीच थबकल्या. कप्तानचाही चेहरा पडला.

"तिघी एकदम अंगावर आल्या, तेव्हा तू कुठे होतीस? वारा खात?" भिंगरी गरजली.

मग अशी जुंपली, की शिट्टी फुंकून सर दमले! दोघींना वर्गाबाहेर उभं केलं. तिथे चूक कोणाची यावर पुन्हा वाद, आणि मग काही केल्या न आवरणारं हसू.

माझी बहीण शिवणकाम करते. ती मशीनवर होती, मी बटणं लावत होते. दार धाडकन उघडलं.

"आई! मावशी! माझं भांडण झालं! खरंखुरं!"

"अगं बाई! कोणाशी? लागलं का कुठे?"

"तिने मला आंधळी म्हटलं, सगळ्यांसमोर! आणि मला शिक्षा पण झाली!" पोरगी नाचत होती.

बहीण हसता हसता रडायला लागली.

सोमवारी सकाळी कप्तान स्वतः घराच्या दारात. "ए भिंगरे, चल लवकर! आणि आज पाय जोडून उभी राहा."

"येते गं, ओरडू नकोस!"

जुन्या गोलकीपरला गोल सोडून पुढच्या फळीत खेळायचंच होतं, त्यामुळे गोल आता भिंगरीचा. दर तीन महिन्यांनी रक्ततपासणी असते. त्याच दिवशी सामना आला, की ती डॉक्टरांशीही हुज्जत घालते!