बप्पा बॅकअपमध्ये नव्हते

आमच्या भावकीत स्थळ पसंत करायला एक दुपार पुरते. पत्रिकेवर कुणाचं नाव कुठं छापायचं हे ठरवायला मात्र महिना जातो.

हा महिना दर वेळी माझ्या डोक्यावर बसतो, कारण उमापूरच्या बाजारात पत्रिका टाइप करून देण्याचं दुकान माझं आहे. माझं टायपिंगचं सॉफ्टवेअर इतकं जुनं, की जुन्या विंडोजशिवाय ते हलतच नाही. म्हणून मी व्हिडिओ बघून बघून लॅपटॉपच्या पोटात एक जुना कॉम्प्युटर बसवला. व्हर्च्युअल मशीन म्हणतात त्याला. खिडकी उघडली की आत अख्खा दुसरा कॉम्प्युटर. त्याच्या फायली वेगळ्या, फॉन्ट वेगळे! मोठ्या कौतुकानं बायकोला दाखवला.

"एक सांबाळता येईना, त्याच्या पोटात आनखी एक घातला व्हय?" ती म्हणाली. (त्यानंतर मी तिला काही दाखवलेलं नाही.)

अशात दादाच्या, म्हणजे माझ्या थोरल्या भावाच्या, पल्लवीचं लग्न ठरलं. दादा आणि आमचे चुलते बप्पा यांचं बांधावरून वाकडं. कित्येक वर्षं बोलणं नाही. पहिल्याच दिवशी दादा दुकानात येऊन गरजला, "बाळ्या, बप्पाचं नाव घालायचं न्हाई! सांगून ठिवतो!"

मी नाव गाळून पत्रिका केली. पुढं काही बिघडलं तर याच दिवसावर परत येता यावं म्हणून त्या आतल्या कॉम्प्युटरला 'आज आहेस तसा लक्षात ठेव' असं सांगणारं बटणही दाबलं. स्नॅपशॉट म्हणतात त्याला. दाबलं आणि विसरलो.

पुढं पल्लवीच रडत बप्पांकडं गेली. बप्पा विरघळले, मांडवासाठी रस्त्याकडेचं आपलं रान देऊन मोकळे झाले. दादाही नरमला. बप्पांचं नाव पत्रिकेत सगळ्यात वर गेलं. मग मामा खाली आले, आत्याबाई वर गेल्या, दोन साडूंमध्ये शेजारी बसण्यावरून वाद झाला... (छापील पत्रिकेत शेजारी! जेवायला नव्हे!) मी रोज त्याच फायलीत खाडाखोड करत बसायचो. शेवटी एकदाचं सगळ्यांचं जमलं, आणि नेमका तेव्हाच लॅपटॉप बसला.

एक अक्षर दाबावं, चहा पिऊन यावं, तोवर ते उमटलं तर उमटलं. विंडोज पुसून नव्यानं टाकण्यावाचून इलाज नव्हता. "आदी बॅकअप घ्या," बायकोसुद्धा म्हणाली. घेतला की! व्हर्च्युअल मशीनची मोठी फाईल पेनड्राइव्हवर चढवली. मध्ये दोनदा लाईट गेली, दोनदा पहिल्यापासून चढवली. ती चढली आणि पेनड्राइव्ह भरला. मागं एक छोटं फोल्डर उरलं. आत एकच फाईल, तिचं नाव असं की कीबोर्डवरून मांजर चालत गेलं असावं. कचरा असणार, म्हटलं. आता ह्यासाठी कोण दुसरा पेनड्राइव्ह आणायला जातो? मारला फॉरमॅट.

ते बटण दाबल्यापासून केलेली सगळी खाडाखोड त्या 'कचऱ्यात' साठत होती, आणि मोठी फाईल दादा गरजला त्याच दिवसावर थांबलेली होती, हे मला फार नंतर कळलं. तेव्हा फक्त एवढंच दिसलं की नव्या विंडोजमध्ये मोठी फाईल जोडल्यावर जुना कॉम्प्युटर चालू झाला आणि पत्रिका जागेवर होती. माझी छाती दोन इंच फुगली.

"येकदा वाचून घे रं," दादा म्हणाला.

"दादा, शंभरदा वाचलीय. आता झोपेतबी म्हनून दाखवीन!"

गठ्ठे छापून आले. पहिली पत्रिका लिंबागणेशच्या गणपतीपुढं ठेवली. दुसरी घेऊन दादा आणि मी बप्पांकडं गेलो. बप्पांनी चष्मा लावला, बोट नावांवरून खाली नेलं, परत वर आणलं.

"कावून रे बाळ्या, ह्यात आमी कुटं हाय?"

दादानं पत्रिका हिसकावली आणि पांढराफटक पडला. मी घाईघाईनं समजवायला लागलो. "बप्पा, लॅपटॉपच्या आत एक कॉम्प्युटर हाय. चुकून त्यो मागच्या म्हैन्यात गेला!"

"मंग मागच्या म्हैन्यात माजं नाव न्हवतं?"

"न्हवतं की! दादानंच तर..."

दादानं माझ्या पायावर पाय दिला. पण उशिरा! मी तरबेज माणूस, खुलासा पुरा करूनच थांबलो.

 बप्पांनी चष्मा काढून धोतरानं पुसला. काच कोरडीच होती, डोळे ओले होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मांडव गेला, अर्धी भावकी गेली, आणि पोरीला तोंड काय दाखवायचं? तेवढ्यात दादा खाली वाकला आणि त्यानं बप्पांचे पाय धरले.

"चुकलं बप्पा. रागात काडलं व्हतं. मंग म्याच घातलं."

"इतक्या वर्सांत पयल्यांदा चुकलं म्हनला ह्यो," बप्पा भिंतीकडं बघून म्हणाले. "ऊठ. मांडव हाय तितंच ऱ्हाईल. पन पत्रिका नवी पायजे."

"आजच छापतो!" मी ओरडलोच.

"आन् त्यातलं एक नाव काडायचं."

"कुनाचं बप्पा?"

"ज्येनं माजं काडलं त्येचं."

"बप्पा, ते म्या न्हाई, कॉम्प्युटरनं..."

"मंग कॉम्प्युटरचंबी घालू नगंस."

दादा हसला, बप्पा हसले. वर्षानुवर्षांचं वाकडं मिटलं आणि सगळा राग माझ्या एकट्याच्या खात्यावर जमा झाला. दुकानात बसून माझं नाव मी माझ्याच हातानं पुसलं. दादा मागं उभा राहून वाचत होता, नीट पुसतोय का ते.

लग्न झोकात झालं. त्या पत्रिकेचा बॅकअप मी दिसेल तिथं घेऊन ठेवला. मध्यंतरी लॅपटॉप पुन्हा बसला, दुकानाच्या निम्म्या फायली गेल्या, वर्षाची कामं गेली. माझं नाव नसलेली पत्रिका तेवढी सगळीकडं सुखरूप आहे!