जालिंदरची स्प्रिंग आणि नवमीचा फोटो

जालिंदर चौगुलेने दुरुस्त केलेली वस्तू त्याच दिवशी परत मिळत नाही, हे आमच्या कंपनीत नव्याने आलेल्या प्रत्येकाला एकदा तरी चिडून कळतं. दाराचं कुलूप असो नाहीतर कॅन्टीनमधला टोस्टर, त्यात नवी स्प्रिंग घातली असेल तर ती वस्तू दोन दिवस जालिंदरच्या खोलीवर मुक्कामाला राहणार.

"नवी स्प्रिंग दाबून ठेवायला लागती सायेब," तो सांगतो. "ती एकदा बसली की मग बिनघोर द्यायचं. आधी दिली तर चार दिसांत ढिली पडंल, आन् नाव माझं जाईल."

शाळा आणि इमारतींच्या देखभालीचं काम करणारी आमची कंपनी. मी देवीदास, दोह्याच्या वेस्ट बे भागातल्या ऑफिसात माणसांचे व्हिसे, रजा आणि तिकिटं बघतो. जालिंदर दिवसभर उन्हात दारं, कुलपं, एसी बघत फिरतो आणि मी थंडगार खोलीत बसून त्याची रजा मंजूर झाली की नाही ते त्याला सांगतो. तरी तो मला सायेब म्हणतो. ही जगाची रीतच आहे, मी काही ती पाडलेली नाही.

त्याचे वडील इचलकरंजीला मागाच्या कारखान्यात जॉबर होते, म्हणजे बिघडलेले माग लावून देणारे. जालिंदरने दहावीची परीक्षा दिली आणि निकालाची वाट न बघता वडिलांच्या हाताखाली उभा राहिला. निकाल काय लागणार हे आपल्याला ठाऊक होतं, असं तो स्वतःच सांगतो. गजावर तार गुंडाळून स्प्रिंग करायला तो तिथे शिकला. दोह्याला येऊन त्याला सतरा वर्षं झाली. सनैयात, म्हणजे इथल्या कारखान्यांच्या भागात, कंपनीचा कामगारांचा कॅम्प आहे, तिथे एका खोलीत चौघं राहतात. जालिंदरच्या पलंगाखाली बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा असतो आणि त्यात जाडीप्रमाणे वेगवेगळ्या बांधलेल्या तारा. कपड्यांची पेटी उघडी राहिली तरी चालेल, पण त्या डब्याला कुणी हात लावलेला त्याला खपत नाही.

त्याची बायको मुक्ताबाई या सतरा वर्षांत एकदाही इथे आली नव्हती. "तिथं काय हाय बघन्यासारखं?" असं तो तिला सोळा वर्षं सांगत आला. गेल्या वर्षी तिने उलट विचारलं, "तुमी हाय न्हवं तिथं?" मग तो माझ्याकडे आला. मी तिचं येण्याजाण्याचं तिकीट काढलं, आठ दिवसांचं हॉटेल बघून दिलं, जालिंदरची रजा मंजूर करून घेतली. दसऱ्यानंतर बाराव्या दिवशी ती येणार होती. तिला काय काय दाखवायचं त्याची यादी त्याने एका पावतीच्या पाठीवर केली होती. त्यात समुद्राचा काठ एकदा, मॉल एकदा आणि उरलेली सात ठिकाणं म्हणजे त्याने बसवलेली दारं. ती यादी वाचून मी हसलो. तोही हसला, पण त्याने एकही दार खोडलं नाही.

अल दुहैलच्या एका शाळेची देखभाल आमच्याकडे आहे. तिथला खेळाचा शिक्षक शौनक, नाशिकचा. क्रीडादिन जवळ आला आणि शर्यत सोडायचं त्याचं पिस्तूल बिघडलं. त्याची नळी पुढून बुजवलेली असते, आत बारुदाची टिकली बसते, नुसता आवाज आणि धूर. पण दिसायला ते हुबेहूब पिस्तूल असतं आणि पुढचं सगळं रामायण या दिसण्यामुळे झालं. घोड्याची स्प्रिंग तुटली होती. चाप ओढला तरी घोडा आपटायचाच नाही. शौनकने जालिंदरला विचारलं, जालिंदरने "बघतो की" म्हटलं, आणि वस्तू जेवणाच्या डब्याच्या पिशवीतून शाळेबाहेर आली. गेटपास करावा असं दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. मराठी माणसाला मराठी माणूस भेटला की कागद लाजून बाजूला होतो.

खोलीवर त्याने जुनी स्प्रिंग काढली, तिच्या मापाची तार निवडली, नवी वळून बसवली. आणि नेहमीप्रमाणे दाबून ठेवली. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती.

खंडेनवमीला आपण हत्यारांची पूजा करतो. जालिंदरच्या वडिलांची त्यात आणखी एक रीत होती. जे काम हातात अर्धं आहे, तेही पूजेत ठेवायचं. ते बाहेर राहिलं तर पुरं होत नाही, असं ते म्हणत. त्यामुळे त्यांच्या पूजेत कधी मागाचा उघडलेला धोटा असे, तर कधी मोडकं दात्यांचं चाक. जालिंदरने कॅम्पातल्या खोलीत स्वच्छ टॉवेल अंथरला. पक्कड, पान्हे, स्क्रू ड्रायव्हर, स्प्रिंग वळायचा गज मांडला आणि मधोमध हातातलं अर्धं काम ठेवलं. सगळ्यांना हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला. फोटो काढून दोघांनाच पाठवला, मुक्ताबाईला आणि मला.

मला तो फोटो फार आवडला. मी त्यावर ठळक लाल अक्षरांत लिहिलं, "आमच्या कॅम्पातलं शस्त्रपूजन! कोल्हापूरचा ढाण्या वाघ!" आणि दोह्यातल्या मराठी लोकांच्या एका ग्रुपवर टाकला. चारशे माणसं आहेत त्यात. अंगठे आले, हशा आला. मी खूश झालो. तासाभराने बायको भैरवी म्हणाली, "अहो, ते पिस्तूल आहे. कॅम्प लिहिलंय तुम्ही." मी तो ताबडतोब पुसला. पण तासाभरात फोटो कुठल्या कुठे पोचतो हे ऑफिसात बसणाऱ्या माणसाला कळायला हवं होतं. नाही कळलं, कारण मला विनोदी व्हायचं होतं.

दसऱ्याच्या सकाळी तो फोटो कंपनीच्या सुरक्षेचं काम बघणाऱ्या रहमानभाईंच्या टेबलावर होता. वर कुणी पाठवला त्याचं नाव नव्हतं, खाली माझी लाल अक्षरं मात्र होती आणि तोवर कुणीतरी त्यांचा अर्थही सांगितला होता. रहमानभाई हैदराबादचे, मुळात भला माणूस. पण कॅम्पात पिस्तूल म्हटल्यावर भलेपणा खिशात ठेवावा लागतो. जालिंदरला ऑफिसात आणलं. भाषेला मदत म्हणून मलाच बोलावलं.

"जालिंदरभाई, ये कुंकू कायको लगाया इसकू?" रहमानभाईंनी विचारलं.

"काम अधुरा था सायेब. अधुरा काम बाहेर नहीं रखते," जालिंदर म्हणाला.

रहमानभाईंनी माझ्याकडे बघितलं. मी नीट समजावून सांगितलं. रीत समजावण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

पिस्तुलाचा प्रश्न दुसऱ्याच दिवशी सुटला. शौनकने सरळ लिहून दिलं की वस्तू शाळेची आहे, ती मी दुरुस्तीला दिली, चूक माझी. तिशीच्या आतला पोरगेला माणूस, पण त्याने रात्रही जाऊ दिली नाही. उरला तो फोटो. कॅम्पातले फोटो बाहेर टाकायचे नाहीत, अशी कंपनीची सक्त अट आहे. त्यावर प्रत्येकाची सही असते आणि त्या सह्या मीच घेतो. हे शस्त्र म्हणून कुणी मिरवलं, एवढंच आता शोधायचं होतं. ज्याने केलं त्याची रवानगी मायदेशी. तोवर जालिंदरने कॅम्पाबाहेर पाऊल टाकायचं नाही.

"किसकू भेजा तुमने?" रहमानभाईंनी विचारलं.

मी शेजारीच बसलो होतो. जालिंदरने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"घरवाली को," तो म्हणाला. "बस."

मी काही बोललो नाही. माझा मुलगा कैवल्य इथे आठवीत आहे, ओल्ड एअरपोर्ट भागात घर लागलंय, भैरवीची शिकवणी जमली आहे, वगैरे वगैरे. त्या वेळी ही सगळी कारणं मला फार मोठी वाटली. ग्रुपवरच्या चारशेंपैकी पुष्कळांना माझं नाव माहीत होतं. कुणी तोंड उघडलं नाही. भांडायला पुढे आणि साक्षीला मागे, ही आपली जुनी खोड. मी त्यांना नावं ठेवायची म्हणजे कमालच.

चौकशी लांबत गेली. मुक्ताबाईला येऊ नको म्हणून सांगा, असं मी जालिंदरला सुचवलं. त्याने सांगितलंही. ती म्हणाली, ठरलंय तर येनार. आणि बाराव्या दिवशी ती आली. विमानतळावर मी गेलो. ठेंगणी, काटक बाई, नवीकोरी बॅग आणि हातात पिशवी. मला बघून म्हणाली, "भावजी, तुमचं लई उपकार झालं."

दुसऱ्या दिवशी दुपारी तिला गाडीत घालून मी सनैयात नेलं. कॅम्पात बायकांना प्रवेश नाही. फाटकाशी पहारेकऱ्यांच्या केबिनला लागून एक बाकडं आहे, तिथे अर्धा तास बसायची परवानगी रहमानभाईंनी दिली होती. जालिंदर इस्त्रीचा शर्ट घालून आला. सतरा वर्षांत तो सुट्टीवर गावी जायचा, तेव्हा ती दोघं भेटत होतीच. पण आज ती आली होती आणि तो तिला घेऊन कुठेच जाऊ शकत नव्हता. तो नुसता म्हणाला, "दमलीस का?"

ती रडायला लागली. "म्याच केलं वो हे. तुमी फोटू मला धाडला, म्या बबीता वन्संना धाडला. त्यांनी कुटं फिरवला काय म्हाईत. म्या धाडला नसता तर तुमी आज फाटकाच्या आत कोंडून नसता. सतरा वर्सं तुमी सांबाळलं, म्या एका बोटानं घालवलं."

तिच्या चेहऱ्याकडे बघून मला कळलं की गेले दहाबारा दिवस ही बाई हेच मनात घेऊन जगते आहे. जालिंदर तिला म्हणाला, "तुझ्यामुळं नव्हं. उगी." ती म्हणाली, "मग कुनामुळं?" फोटो दोघांनाच गेला होता. बायको नाही म्हटल्यावर कोण उरतं, हे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तरी त्याने फाटकाच्या कडीला हात लावला आणि म्हणाला, "ही कडी ढिली झाल्या. बघायला पायजे."

मला त्या क्षणी फार लाज वाटली.

"वहिनी," मी म्हणालो, "तो फोटो मी टाकला. त्यावरची अक्षरं पण माझीच आहेत. यांनी मला पाठवला होता, मी चारशे लोकांना दाखवला."

जालिंदर म्हणाला, "सायेब, र्‍हाऊ द्या की. मुलगा हाय तुमचा."

मुक्ताबाईने पदराने तोंड पुसलं. मला वाटलं ती शिव्या देईल, दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिने एवढंच विचारलं, "भावजी, हे तुमी त्या सायबास्नी सांगितलंय?"

"नाही," मी म्हणालो.

"त्यांचं हापिस लांब हाय का?"

"अर्ध्या तासावर."

तिने पिशवीतला लाडवांचा डबा काढून नवऱ्याच्या हातात दिला, म्हणाली, "तुमी खावा, म्या आलेच." मग ती माझ्या गाडीकडे चालू लागली. येताना ती मागे बसली होती. आता पुढचं दार उघडून माझ्या शेजारच्या जागेवर जाऊन बसली, पट्टा कसा लावायचा ते तिला कळेना, म्हणून तो दोन्ही हातांनी छातीशी धरून ठेवला.

"चला," ती म्हणाली.