महापूरसाहेब

चुकीच्या वेलांटीपुढं मान न वाकवणारा माणूस या शहरात एकच झाला, आणि तो आमच्या घरात झाला. ते माझे थोरले दीर. घरात सगळे त्यांना अण्णा म्हणतात. आधी ते एका छोट्या दैनिकाचे संपादक होते, मग शहराचे महापौर झाले, आणि दोन्ही खुर्च्यांवर ते कानामागं तांबडी पेन्सिल खोचूनच बसले. त्या पेन्सिलीतून कुणी सुटलं नाही. किराणा दुकानाच्या पाटीवर 'शुद्ध तुप' दिसलं की हातातली पिशवी खाली ठेवून ते आधी पाटी दुरुस्त करायचे आणि मग तूप मागायचे. दुकानदार एकदा वैतागून म्हणाला, "अण्णा, तुपात खोट असंल तर सांगा की." अण्णा म्हणाले, "जो उकार चोरतो, तो तुपात काय सोडंल?"

लग्न नवं असताना जाऊबाईंनी माहेराहून त्यांना पत्र पाठवलं होतं. ते आठ दिवसांनी परत आलं. अण्णांनी त्यातल्या चुका तांबड्या करून खाली 'मजकूर चांगला आहे' असा शेरा मारला होता. तेव्हापासून जाऊबाईंनी त्यांना एक ओळ लिहिली नाही. जे सांगायचं ते तोंडानं सांगितलं, आणि ते मात्र अण्णांना आजवर दुरुस्त करता आलेलं नाही.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. धाकट्याची बायको म्हणून या घरात आले तेव्हा अण्णा समोर आले की माझा पदर आपोआप पुढं यायचा आणि आवाज आत जायचा. आमच्या मुकुंदवाडीच्या घरातलं स्वयंपाकघर लांबोळकं आहे. एका संध्याकाळी अण्णा तिथल्या उंबऱ्यावर येऊन बसले आणि दुसऱ्या दिवशीचा अग्रलेख मोठ्यानं वाचू लागले. मला वाटलं, जाऊबाईंसाठी वाचत असतील. पण त्या तर देवळात गेल्या होत्या. मी वरण ढवळत होते. एका लांबलचक वाक्याला माझी पळी थांबली, तसे तेही थांबले. "हे अडलं व्हय?" एवढंच विचारलं आणि तिथंच बसून त्या वाक्याची दोन वाक्यं केली. तेव्हापासून रोजचा रिवाजच झाला. ते वाचायचे, मी ढवळायची. पळी थांबली की वाक्य मोडायचं. कचेरीतले शिकलेले लोक हसत असतील. अण्णा त्यांना सांगायचे, "माझा पेपर पळीवर चालतो."

पुढं वॉर्डातल्या लोकांनी त्यांना निवडणुकीला उभं केलं, आणि पक्षातल्या दोन मोठ्यांची भांडणं मिटेनात म्हणून तिसऱ्याच्याच, म्हणजे अण्णांच्या गळ्यात महापौरपद पडलं. त्या दिवशी संध्याकाळी ते घरी आले तेव्हा हारांनी मान लाल झाली होती आणि बोलून बोलून आवाज बसला होता. संपादक म्हणून तो त्यांचा शेवटचा अंक. पहिल्या पानाचा कागद त्यांनी पहिल्यांदाच माझ्या हातात दिला आणि खुणेनं म्हणाले, तू वाच. मी एकेक अक्षर लावत मथळा वाचला. 'शहराला मिळाला नवा महापूर.' मनातल्या मनात वाचला. त्यांनी मानेनंच विचारलं, कळलं का. मी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी हर्सूलपासून आमच्या गल्लीपर्यंत सगळं शहर हसत होतं. जिथं नळाला सहाव्या-सातव्या दिवशी पाणी येतं, तिथं महापूर आला म्हटल्यावर कोण हसणार नाही? बाया रिकाम्या घागरी घेऊन दारात आल्या. एकीनं विचारलं, "महापूरसाहेब हायेत का घरी? आमच्याकडं तर थेंब नाय." कुणीतरी अक्षरं जुळवणाऱ्याचं नाव घेतलं. अण्णांनी ते पुढं जाऊच दिलं नाही. नव्या संपादकाकडून पहिल्याच पानावर चौकट छापून घेतली, 'ही चूक माझी आहे. शेवटचं वाचन मी केलं होतं.'

मग ते स्वयंपाकघरात आले. "सुमन, तुला दिसलं नव्हतं का?"

मी म्हटलं, "दिसलं होतं. पण मला वाटलं, एवढ्या मोठ्या हुद्द्याला असंच म्हणत असतील."

ते इतके हसले की उंबऱ्याला टेकून बसावं लागलं. हसून झाल्यावर म्हणाले, "पुन्हा असं करू नको. चूक दिसली की बोलायचं. माझी असली तरी. बोलवत नसंल तर खूण कर, पण गप बसू नको."

त्याच आठवड्यात महापौरांच्या दाराशी टँकर आला. तो रोज येणार होता म्हणे, तशी पद्धतच होती. अण्णांनी त्याला गेटातूनच परत पाठवलं. गल्लीला ज्या दिवशी पाणी, त्या दिवशी आपल्याला, हा नियम त्यांनी घरात सांगितला आणि बाहेरच्या बायांनाही सांगून टाकला. जाऊबाई म्हणाल्या की जगात नवरा मोठा झाला की बायकोचे कष्ट कमी होतात, आमच्याकडं पिंपं वाढली. खरंच वाढली. अंगणात, जिन्याखाली, महापौरांना भेटायला येणाऱ्यांच्या बाकड्याशेजारीसुद्धा पिंप होतं.

मग पुतणीचं, अण्णांच्या लेकीचं लग्न ठरलं. पत्रिकेचा कच्चा कागद आला आणि अण्णांनी त्यावर पेन्सिल चालवली. खाली पोरांच्या नावानं ओळ होती, 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं!' निमंत्रणात दरडावणी नको म्हणून त्यांनी ती खोडली. माझ्या धाकटीचे डोळे भरून आले. अण्णांनी तिच्याकडं पाहिलं आणि खोडलेल्या शब्दांखाली एकेक टिंब देत गेले. तिला म्हणाले, "खोडल्याखाली टिंबं दिली की त्याचा अर्थ, तसंच राहू द्या."

हळदीच्या दिवशी फर्दापूरकडचे व्याही सकाळीच यायचे होते. घरात पन्नास माणूस, आणि पाण्याचा दिवस आणखी दोन दिवसांनी. पिंपांचे तळ दिसत होते. इतक्यात दारात टँकर येऊन उभा राहिला. कुणी हौशी अधिकाऱ्यानं पाठवला होता. अण्णा फाटकाशी गेले. ड्रायव्हरनं चिठ्ठी पुढं केली. "साब, मेरेकू कुछ मालूम नै. इसपे येच पत्ता लिखेला है."

अण्णा काही बोलणार, तोच जाऊबाई बाहेर आल्या. त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. हळू आवाजात म्हणाल्या, "अहो, सगळा जन्म संपादकाची बायको होऊन काढला. आज एक दिवस महापौराची बायको होऊ द्या."

अण्णांचा हात फाटक उघडायला कडीवर गेला. मी ओसरीवरून बघत होते. त्यांची पेन्सिल कानामागं नव्हती, लग्नघर म्हणून ती कोनाड्यात ठेवली होती. समोर पाहुणे, शेजारी, आणि फाटकापलीकडं रेल्वेरुळांकडच्या वस्तीतल्या दोन बाया घागरी घेऊन उभ्या. माझ्या तोंडून शब्द फुटणं शक्यच नव्हतं. आणि ज्या जाऊबाईंनी मला या घरात चुलीपासून सगळं शिकवलं, त्यांच्या विरुद्ध तर नाहीच. पण पाय निघाले. मी कोनाड्यातली पेन्सिल घेतली आणि अण्णांच्या पुढं धरली.

त्यांनी पेन्सिलीकडं पाहिलं, मग कडीवरच्या आपल्या हाताकडं. चिठ्ठी मागून घेतली. 'महापौर निवास' खोडलं आणि वर लिहिलं, 'रुळापलीकडची वस्ती, अंगणवाडीजवळ'. ड्रायव्हरला म्हणाले, "पत्ता चुकला होता."

व्याह्यांनी एकेका तांब्यात पाय धुतले. विहीणबाई म्हणाल्या की आमच्याकडं उन्हाळ्यात हेच असतं, लाजता कशाला. दुपारी वस्तीतल्या बाया पाण्यानं भरलेले पाच-सहा हंडे घेऊन आल्या. जाऊबाईंनी हंडे उतरवून घेतले आणि त्यांना पहिल्या पंगतीला बसवलं. माझ्याशी मात्र आठ दिवस बोलल्या नाहीत. नवव्या दिवशी म्हणाल्या, "ती पेन्सिल कुठं ठेवलीस? जरा लांब ठेवत जा."

अण्णांना पक्षानं पुन्हा उमेदवारी दिली नाही. लोक म्हणतात, या माणसाला राजकारण जमलं नाही, शहराला पाणी आणलं नाही आणि दारातलंही घालवलं. म्हणोत. पाणी त्यांना आणता आलं नाही, हे तेही मान्य करतात. पण आपल्याला आधी आणि गल्लीला मग, ही चूक त्यांनी छापून जाऊ दिली नाही. माझ्यापुरतं तेवढं पुरे आहे, आणि दुसऱ्या कुणाला पुरत नसेल तर त्याला मी समजवायला जाणार नाही.

आता त्यांच्या डोळ्यांवर पडदा आला आहे. पेपर मी वाचते, ते ऐकतात. मी अडखळले की विचारतात, "चूक तुझी का त्यांची?"

परवा मुकुंदवाडी स्टेशनजवळ भाजी घेत होते. वस्तीतली एक म्हातारी माझा हात धरून म्हणाली, "बाई, महापूरसाहेब बरे हायेत ना?" घरी येऊन मी अण्णांना सांगितलं.

"महापूरच म्हणाली?"

"व्हय."

"मग तू दुरुस्त केलंस का?"

"नाय."

मला वाटलं, आता रागावणार. मग त्यांचं बोट मांडीवर हळूच टेकलं, थोडं पुढं सरकून पुन्हा टेकलं, आणि पुन्हा. ते टिंबं देत होते.