मावशींच्या उजव्या हाताची रांग

काचघराची किल्ली मावशींच्या कमरेला लागून बावीस वर्षं झाली होती. संशोधन केंद्रातली मोठमोठी माणसं सकाळी दारात ताटकळायची आणि मावशी आपल्या सावकाश येऊन कुलूप उघडायच्या. काम म्हणाल तर साधंच. कुंड्यांना पाणी घालायचं, फरशी पुसायची, मेलेली रोपं बाहेर नेऊन जाळायची. पण तोरा असा, की नव्या माणसाला वाटावं सगळं केंद्र याच बाईंच्या नावावर आहे.

खोड एकच. या काचघरात रोपं मुद्दाम आजारी पाडायचे आणि मावशींना ते बघवायचं नाही. एकदा त्यांनी टोमॅटोची डागाळलेली पानं, "फार केविलवाणी दिसत होती हो," म्हणून खुडून टाकली. नेमकी तीच पानं मोजायची होती! एकाची सहा महिन्यांची मेहनत पाण्यात गेली. मोठ्या सरांनी मावशींना असं झापलं, की त्यानंतर त्यांनी एकाही पानाला बोट लावलं नाही. बोट नाही म्हणजे नाही. बाकीच्या अंगाची गोष्ट वेगळी.

यंदा पीएचडी करणारी एक ताई आली. पोरगी भारी बडबडी. रोगाचे जंतू पाण्यात कालवून ती पानांवर फवारायची आणि तोंडाने मावशींची शाळा घ्यायची.

"मावशी, झाडाला पळता येत नाही की डॉक्टरकडे जाता येत नाही. जंतू आलेत असं कळलं, की ते पानावरची बारीक तोंडं मिटून घेतं. तरी कुणी आत घुसलाच, तर तिथल्या आपल्याच चार पेशी मारून टाकतं. जंतू तिथल्या तिथे कोंडला!"

"म्हणजे आग लागली तर तेवढी खोली पाडायची आणि घर वाचवायचं?"

"अगदी तस्संच."

"बाई गं! आणि आम्ही म्हणतो, झाड बिचारं!"

ताईचं टोमॅटोचं झाड मात्र खरंच बिचारं होतं. मुद्दाम तसलंच वाण आणलेलं, की जंतू आला आणि आडवं झालं. मधे चिंचोळी वाट, दोन्ही बाजूंना बुटके बाक, बाकांवर कुंड्या. दोन्हीकडे माती तीच, फवारणी तीच. आधी सगळीकडे सारखे डाग पडायला हवेत, मगच ताईचं औषध तपासता येणार.

डाव्या बाकावरची रोपं चट्ट्यांनी भरून गेली. उजव्या बाकाची काठावरची रांग मात्र हिरवीगार! चारदोन ठिपके, बस्स. नवी रोपं लावली, पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच. ताई रडकुंडीला आली.

मोठे सर आले. सर म्हणजे पाप्याचं पितर, पण आवाज ढोलासारखा. "कुणीतरी गुपचूप औषध मारतंय," ते म्हणाले आणि मावशींकडे बघत राहिले. "किल्ली कुणाकडे असते? आठ दिवस देतो. खरं काय ते सांगा, नाहीतर किल्ली ठेवा आणि ऑफिसात फायली झटका."

मावशींनी कमरेची किल्ली मुठीत घट्ट धरली. बावीस वर्षं! फायली झटकायच्या? चोर म्हणून? त्या दिवशी घरी जाऊन त्या भिंतीकडे तोंड करून रडल्या.

नवरा शिंपी. त्याला समजूत घालणं काही जमायचं नाही, म्हणून तो मावशींचा कामावरचा कोट घेऊन धुवायला बसला. आणि तिथूनच कुरकुरला, "अगं, हा डाग जाता जात नाही. दर आठवड्याला बघतोय, हिरवट-पिवळा. आणि उजव्याच बाजूला कसा?"

"घाला खड्ड्यात तो डाग!"

"आणि कोट मी दोनदा उसवून सैल केला. तू म्हणालीस, कापड आटलं."

मावशी रडायच्या थांबल्या. टोमॅटोच्या पानाचा डाग तो, ओळखीचा. पाण्याचा पाइप त्या डाव्या हातात धरायच्या, त्यामुळे अंग उजवीकडे कलायचं. वाट चिंचोळी, वळायला जागा नाही, म्हणून परततानाही त्या तशाच पाठमोऱ्या मागे यायच्या. दिवसाला चाळीस फेऱ्या!

दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर सांगायची लाज वाटत होती. पण किल्ली जाण्यापेक्षा लाज परवडली. "सर, देवाशपथ मी बोट लावलेलं नाही. पण माझी कंबर लागते. म्हणजे, कंबर म्हणू या आपण."

कुणीतरी फिसकन हसलं. ताई मात्र उडालीच. "सर! पाऊस पानावर आपटतो तेव्हा जंतूही थेंबाबरोबर येतात. म्हणून पानावरच्या लवेला नुसता धक्का लागला तरी काही झाडं आधीच सावध होतात. मावशींनी रोज धक्के मारून या रांगेला जागं ठेवलंय!"

"कमरेने?" सर गुरगुरले. "दाखवा करून. तोवर किल्ली माझ्याकडे."

नवी रोपं लागली. आता दार सर उघडायचे आणि मावशींवर नजर ठेवून उभे राहायचे. मावशींनी पाइप उजव्या हातात घेतला आणि डावीकडे कलून चालू लागल्या. किल्लीवाचून कंबर मोकळी मोकळी वाटायची, तरी एक फेरी चुकवली नाही. मग ताईने फवारलं. आठवड्याने उजवी रांग चट्ट्यांनी भरली आणि डावी हिरवीगार राहिली.

सरांनी भिंग लावून पान न् पान बघितलं. मग खिशातून किल्ली काढून मावशींच्या हातावर ठेवली. चुकलं, असं काही म्हणाले नाहीत. नुसते खाकरले. "दुसऱ्या माणसाच्या चालण्यानेही असंच व्हायला हवं, नाहीतर शोधनिबंध कुणी छापणार नाही. ताईची पदवी यावर आहे, तेव्हा ती नको. मीच चालतो. कसं चालायचं, सांगा."

मावशींनी स्टूल ओढलं आणि ऐसपैस बसल्या. सरांनी पाइप उचलला.

"अजून जरा कला, सर. पोहोचत नाही तुमची कंबर. हां, आता काढा बाहेर. अजून! लाजू नका, इथे सगळी घरचीच माणसं आहेत."

सर घामाघूम झाले. काचेबाहेर अख्खं केंद्र गोळा झालं होतं. मावशी बोटांवर फेऱ्या मोजत होत्या. अडतिसावी संपली आणि त्यांनी कपाळावर हात मारला.

"अगं बाई, आकडाच विसरले की! सर, पहिल्यापासून घ्या."