डाव्या बाजूचे शब्द

निर्मलाबाई गेल्याचं कळलं तेव्हा मी इंदापूरला छापखान्यात शिक्षणहक्काच्या पत्रकाची प्रुफं तपासत होतो. वडिलांचा, अण्णांचा फोन आला, "सोनालीच्या शाळेतल्या बाई गेल्या रं... हार्ट अटॅक." मागं माझी बहीण, सोनाली, रडत असल्याचं ऐकू येत होतं. त्याला महिना झाला. आज लिहायला बसलोय ते दुःखापेक्षा किळस आल्यामुळे.

सोनाली चौथीत असताना भवानीनगरच्या रस्त्यावर मामाच्या मोटारसायकलवरून पडली. पुढं उसाची ट्रॉली, तिला ना मागचा दिवा ना रिफ्लेक्टर. डोक्याला मार लागला. बारामतीच्या दवाखान्यात अकरा दिवस काढले. टाके सुकले, केस वाढले आणि सगळे म्हणाले, पोरगी बरी झाली. तिचं ऐकणं कुणी तपासलं नाही. हाक मारली की कधी वळायची, कधी नाही. गोंगाटात गोंधळायची, दुपारपर्यंत थकून बाकावर डोकं टेकायची. काटेवाडीतल्या आमच्या चुलतीनं निदान केलं, "वारं लागलंय." शाळेनं प्रगतीपुस्तकात लिहिलं, "लक्ष नाही," आणि तिला सगळ्यात मागं बसवलं. आणि मी? गावोगाव पत्रकं वाटून घरी यायचो आणि तिच्यावर खेकसायचो, "बहिरी झालीस का?" प्रश्न बरोबर होता. उत्तरासाठी मी कधी थांबलो नाही.

सहावीत निर्मलाबाई वर्गाला आल्या. त्यांनीही आधी तेच केलं. श्रुतलेखनात निम्मे शब्द कोरे, म्हणून तिला तासभर उभं केलं. पण बाई वह्या घरी नेऊन नीट तपासायच्या. शब्द सांगताना त्या रांगांमधून फिरायच्या, एका बाजूनं मागं जायच्या, दुसऱ्या बाजूनं पुढं यायच्या. सोनालीच्या वहीत पाच शब्द अचूक, पाच जागा कोऱ्या, पुन्हा पाच अचूक. आधीची पानंही तशीच. बाई तिच्या डावीकडून गेल्या ते शब्द वहीत होते, उजवीकडून आल्या ते नव्हते.

रविवारी वही घेऊन त्या स्कूटीवर आमच्या दारात आल्या. चहाला हातही लावला नाही. "अण्णा, पोरगी आळशी न्हाय. मीच आंधळी. हिचा उजवा कान दाखवून घ्या."

आई म्हणाली, "अवं, पण टीव्ही ऐकती की!"

"घरात ऐकती, ताई. साठ पोरं आन् वर गरगरणारा पंखा, तितं काय ऐकंल?"

तपासणीत उजवा कान गेलेला निघाला. बाई मुख्याध्यापकांकडं गेल्या. ते म्हणाले, "निकाल बिघडेल. अशा मुलांच्या वेगळ्या शाळा असतात." बाई म्हणाल्या, "सर, बाक बदला म्हणते मी, शाळा न्हाय." उजव्या भिंतीकडचा पहिला बाक, म्हणजे चांगला कान वर्गाकडं. सूचना फळ्यावर लिहायच्या. जेवणानंतर दहा मिनिटं शांत बसू द्यायचं. बस्स, एवढंच. पुढं तीन वर्षं हे त्या प्रत्येक नव्या शिक्षकाला सांगत राहिल्या, कारण प्रत्येकाला ते पुन्हा सांगावं लागायचं.

शोकसभेत तेच मुख्याध्यापक बाईंच्या फोटोला हार घालून बोलायला उभे राहिले. "बाई म्हणजे आमच्या शाळेचा मानबिंदू..." अर्ध्या तासानं चहाच्या टेबलापाशी, बिस्किट बुडवता बुडवता, ते अण्णांना म्हणाले, "पुढच्या वर्षी दहावी. आता बाईही नाहीत. दाखला घेऊन टाका, पोरीचे हाल नकोत." किळस आली ती तिथं. अण्णांनी जन्मात कुठल्या सरांना नाही म्हटलेलं नाही, त्यांची मान हलायच्या बेतात होती. तेवढ्यात सोनाली पुढं झाली. "सर, बाई गेल्यात. मी न्हाय जाणार."

सर "बघू" म्हणाले. वाटेत अण्णा एवढंच बोलले, "लई तोंड सुटलंय तुझं." पण दाखल्याचा अर्ज त्यांनी भरला नाही.

परवा, सोमवारी, तिचा विसरलेला डबा द्यायला शाळेत गेलो. सोमवारी वर्गात बाकांची पाळी बदलते, मागचे पुढं, पुढचे मागं. शिक्षक अजून आले नव्हते. पोरींची दप्तरं उचलून ढकलाढकली चालली होती. एक नवी मुलगी उजव्या भिंतीकडच्या पहिल्या बाकावर जाऊन टेकली, तशा मागून दोघीतिघी एकदम ओरडल्या, "ए बये, ऊठ! ती जागा फिरत न्हाय."