वन्संना वेल्ह्याला नेलं ते

उत्रोलीहून सकाळीच निघाले. पिशवीत आंबेमोहर तांदूळ, शास्त्र (बायबल) आणि दोन मास्क. राजगडाखालच्या पालीला आमच्या वन्सं (नवऱ्याची थोरली बहीण) एकट्या राहतात. त्यांना साखरेचा आजार आहे. दुसऱ्या दिवशी वेल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात करोनाची लस मिळणार होती, आणि वन्सं नाही म्हणून बसल्या होत्या. नवरा म्हणाला, "आक्का माझं ऐकत न्हाई. तू जा." मी चारचौघांत तोंड न उघडणारी बाई. पण वन्संच्या शेजारच्या दोघी करोनात गेल्या होत्या, म्हणून निघाले.

भोरहून एसटी मिळाली. एका बाकावर एकच माणूस बसवत होते, तरी बोलणं थांबत नव्हतं. पुढची बाई सांगत होती, लस घेतली की हातपाय लुळे पडतात. मागचा म्हातारा सांगत होता, नाही घेतली तर रेशन बंद. दोघांनाही ते मोबाईलवर आलं होतं.

नसरापूरला उतरून जीपने विंझर गाठलं. तिथे पिशवीची शिवण उसवली आणि तांदूळ रस्त्यावर सांडले. खाली बसून वेचत होते, तेवढ्यात दुधाच्या टेम्पोवाल्याने हाक मारली.

"मावशी, कोंबड्यांना ठिवा की चार दाणं! पालीला निघालोय, बसा."

एका मास्कच्या नाडीने उसवण बांधली आणि बसले.

"लस घेतली का?" त्याने विचारलं.

"नणंदेला न्यायला चाललेय."

"आवं, म्या तुमचं इचारलं."

मी बाहेर बघत राहिले. खाचरं (बांध घातलेली भातशेतं) हिरवीगार होती आणि राजगडाचा माथा ढगात होता.

पालीत गड चढणाऱ्यांची ये-जा बंद होती. वन्सं त्यांना पिठलं-भाकरी करून घालतात. त्यांची बाकडी पडवीत उलटी टाकलेली होती. त्या दारातच उभ्या होत्या.

"मार्था, भावानं धाडलं व्हय? मला धरून न्यायला?"

"तांदूळ घेऊन आले, वन्सं."

"व्हय. अन् जाताना त्याच पिशवीत मला भरणार."

मी हसले आणि पिशवी आत नेऊन ठेवली.

जेवायला नाचणीची भाकरी आणि टाकळा (पावसात उगवणारी रानभाजी) होता. जेवण झाल्यावर वन्संनी मोबाईलवर आलेले दोन निरोप दाखवले. एकात लिहिलं होतं, ही लस म्हणजे शास्त्रात सांगितलेला श्वापदाचा शिक्का, म्हणजे सैतानाची खूण. दुसऱ्यात होतं, विश्वास असेल त्याला औषध लागत नाही.

"खाली क्रूसाचं चित्र हाय बघ," वन्सं म्हणाल्या. "खोटं कसं आसंल?"

मी ताटं घासायला घेतली.

दिवे लागायच्या वेळी प्रार्थनेला बसलो. आमच्या सासूबाईंची, म्हणजे वन्संच्या आईची, एक शिस्त होती. प्रार्थनेत ऐकीव बोलायचं नाही. स्वतः पाहिलं, स्वतः केलं, तेवढंच देवापुढे ठेवायचं. कुणी गावच्या गप्पा सांगायला लागलं की त्या डोळे मिटूनच गुडघ्यावर चापट मारायच्या. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली, पण आमच्यात ही शिस्त अजून कुणी मोडत नाही.

वन्संनी सुरुवात केली. "प्रभू, लोक म्हनत्यात..." आणि थांबल्या. पुन्हा म्हणाल्या, "प्रभू, मोबाईलवर आलंय..." पुन्हा थांबल्या. मग बारीक आवाजात म्हणाल्या, "प्रभू, शेजारच्या दोघी गेल्या. म्या खिडकीतनं बघितलं. जवळ कुनी गेलं न्हाई, म्या बी न्हाई. मला लई भ्या वाटतंय. आमेन."

आता माझी पाळी. वन्संना सुबुद्धी दे, असं म्हणायचं मी वाटेतच ठरवून आले होते. ते तोंडातून निघेना.

"प्रभू, म्या बी लस घेतली न्हाई. गावात दोनदा आली. दोन्ही येळंला म्या रानात जाऊन बसले. घरी सांगितलं, गर्दी हुती."

वन्संनी आमेनची वाट पाहिली नाही.

"अगं लबाडे! अन् मला न्यायला आलीस?"

मी मान खाली घातली. वन्सं आधी रागावल्या, मग पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. हसताहसता त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं. "दोघी जाऊ," त्या म्हणाल्या. "पर आधी तू दंड म्होरं करायचा."

सकाळी वेल्ह्याला दवाखान्यात रांग होती. माझी पाळी आली तशी वन्संनी नर्सबाईंना सांगितलं, "हिला धरून ठिवा, रानात पळंल." रांगेतले सगळे हसले. मला लाज वाटली, पण त्या हसण्यातच माझ्या तोंडून प्रश्न निघाला.

"बाई, तुमी घेतली का? काय झालं?"

"घेतली. दंड दुखला, एक दिवस ताप आला. तुम्हालाही येईल. जास्त काही वाटलं तर इकडेच या."

एवढं सरळ मला त्या दिवसांत कुणी सांगितलं नव्हतं. मी दंड पुढे केला. बाईंनी वन्संच्या साखरेची चौकशी केली, गोळ्या चालू ठेवायला सांगितल्या, आणि माझ्यामागून वन्संनीही घेतली. अर्धा तास बाकावर बसवलं. वन्सं माझा हात धरून बसल्या होत्या. कोण कुणाला धरून होतं, ते कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी उत्रोलीत वन्संचा फोन आला.

"ताप आलाय. तुला?"

"मला बी."

"मग ठीक हाय. बाई बोलली तसंच झालं."

मोबाईलवर अजून रोज काहीतरी येतं. मी ते वाचते आणि ठेवून देते. ताप आला त्या संध्याकाळी प्रार्थनेला बसले तेव्हा सांगण्यासारखं फार नव्हतं. दंड दुखतोय, अंग तापलंय, वन्सं वेल्ह्याला आल्या. तेवढंच देवापुढे ठेवलं आणि गोधडी घेऊन पडले.